राखाडीच्या सतरा जाती

कणबर्गीकर मास्तरांकडे एकच पुस्तक होतं,
धारवाडच्या रद्दीतून आणलेलं, पाठीला दोरा घातलेलं.
फ्रान्समधली झाडं, तळी, गुरं, ढग,
शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची,
आणि सगळी काळी-पांढरी छापलेली.

आम्ही सातवी ब, खानापूर.
खडूपेक्षा समोरच्या भट्टीतली कौलाची भुकटी जास्त उडायची.
मास्तर पुस्तक उंच धरून बाकांमधून फिरायचे:
"झाड बघू नका रे. झाड कुणालाही येतंय.
झाडाच्या आणि तुमच्या मधे काय हाय, ते बघा."
मधे इराप्पाचं डोकं असायचं.
आम्ही हसायचो, तेही हसायचे,
मग आवाज उतरवून म्हणायचे, "हवा.
त्या माणसांनी हवा रंगवली.
खोलीला कुलूप घालून बाहेर पडली,
नळीतला रंग खिशात, छत्री काखेत,
ऊन सरकायच्या आत हाताला लागेल तेवढं."

पौषातल्या एका शनिवारी
त्यांनी आम्हाला मलप्रभेच्या पुलावर नेलं.
नदी नव्हती.
नदीच्या जागी दूध तापत ठेवल्यासारखं काहीतरी,
त्यात भट्टीचा धूर विरघळलेला.
लोंढ्याची गाडी आधी आवाज, मग डाग, मग गाडी.
पुलाच्या तोंडाशी गावाच्या नावाची पाटी,
जिला रात्री कुणीतरी डांबर फासायचं
आणि आठवड्याने दुसरं कुणी घासून काढायचं,
धुक्यात नुसता चौकोन, दोन पायांवर उभा.
"हिलाही काढा," मास्तर म्हणाले.
"अक्षरं नकोत. दिसत नाही ते काढायचं नाही."

पलीकडच्या काठाला वाळुंज.
पुस्तकातही तीच झाडं, तिकडे नाव वेगळं,
पान तसंच, वाऱ्याने उलटलं की चांदीचं.
मास्तरांचा जीव पान सत्तेचाळीसवर:
तळं, वाळुंज, होडीत वाकलेला एक माणूस.
खालची फ्रेंच ओळ कुणालाच वाचता यायची नाही,
म्हणून पेन्सिलीने त्यांनीच लिहिलेलं:
मलप्रभा, सकाळी पावणेसात.
"ह्यात रंगच नाही," ते सांगायचे,
"राखाडीच्या सतरा जाती आहेत. मोजा."
मी अकरापर्यंत पोचले होते.

गेल्या महिन्यात दुकानात कॅलेंडर आलं,
बेळगावच्या एका दातांच्या डॉक्टरांचं,
डिसेंबरचं पान फ्रेम करून हवं होतं.
पान सत्तेचाळीस!
हिरवट, रुपेरी, मास्तर सांगायचे जवळजवळ तसंच.
फक्त होडीतल्या माणसाच्या डोक्यावर
लाल टोपी.
मुगाच्या दाण्याएवढी.
तेवढ्यावर अख्खं तळं श्वास घेत होतं.

काळ्या-पांढऱ्या छपाईत लाल आणि सावली
एकच होऊन जातात,
हे मला धंद्यात पडल्यावर कळलं.
मास्तरांना जाऊन नऊ वर्षं झाली.
त्यांच्या हिशेबात तो माणूस
आयुष्यभर उघड्या डोक्याने थंडीत बसून राहिला.

परवा शाळेने त्यांचं चित्र पाठवलं, ऑफिसातलं.
काच तडकलेली, पाठीला वाळवी.
पूल, धुकं, अक्षरांशिवायची पाटी.
गिऱ्हाईक नव्हतं, मोजायला बसले.
सतरा भरल्या.
आणि खाली, घाटाच्या शेवटच्या पायरीवर,
धुणं आपटणाऱ्या बाईच्या खांद्याशी
एक तांबडा ठिपका.

गेरू असेल. कौलाची भुकटी असेल,
तडकलेल्या काचेतून शिरलेली.
आमच्या गावात ती भाकरीवरही बसते.
नख पुढे नेलं होतं.
"आई, काय बघूलालीस गे एवढं?" पोराने विचारलं.

नवी काच पुसली, दोन्ही बाजूंनी.
बसवली.
बिलावर लिहिलं:
काच, पाठ, चार खिळे.